माणसं तीन, रिमोट चार

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: इंग्लंड-अमेरिकेतल्या विनोदी मालिका तीस-चाळीस वर्षांनी लावल्या तरी हसू फुटतं, मग आपल्याकडच्या मालिका वर्षभरात शिळ्या का वाटायला लागतात? लेखक कमी पडतात, नट कमी पडतात, की प्रेक्षकालाच तसलं हवं असतं? आणि जाता जाता लिहिलंय की सोसायटीत राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या कुटुंबावर एका मराठी मालिकेचा पहिला भाग तुम्ही लिहून ठेवलाय, तो वाहिनीकडे न्यावा का.

मी बावीस वर्षं मराठी टीव्हीसाठी लिहिते आहे. कथा, पटकथा, संवाद ही तिन्ही कामं केली. त्यातली निम्मी वर्षं विनोदी मालिका आणि स्किटच्या कार्यक्रमांत गेली. माझा अनुभव असा की लेखक, नट आणि प्रेक्षक, तिघंही पुरेसे हुशार आहेत. ओळ कागदावर उतरल्यापासून ती कॅमेऱ्यासमोर म्हटली जाईपर्यंत मध्ये किती वेळ मिळतो, आणि तेवढ्या वेळात ती किती जणांच्या कानांवरून जाते, यावर सगळं ठरतं. लोक सांगतात ती बाकीची बरीचशी कारणं फिरून इथेच येतात.

तुम्ही ‘फॉल्टी टॉवर्स’चं नाव घेतलंय, तर तिथूनच सुरू करू. बीबीसीची मालिका, जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी लिहिलेली. १९७५ मध्ये सहा भाग, मग चार वर्षं काही नाही, १९७९ मध्ये आणखी सहा. खेळ खलास. सगळे मिळून १२ भाग. सोमवार ते शनिवार चालणारी आपली मालिका तेवढे भाग दोन आठवड्यांत दाखवून मोकळी होते.

त्या बारांतला जर्मन पाहुण्यांचा भाग पुन्हा बघा, पण या वेळी हातात पेन घेऊन. हॉटेलमालक बेसिलची बायको पायाच्या नखाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आहे. तिने त्याला एक किरकोळ काम सांगून ठेवलंय: मूसचं, म्हणजे त्या मोठ्या शिंगांच्या प्राण्याचं, मुंडकं भिंतीवर टांगायचं. ते टांगणं काही धड होत नाही. मध्येच वेटर मॅन्युएल काउंटरमागे वाकून एकटाच आपल्या मोडक्या इंग्रजीचा सराव करत असतो, आणि समोर आलेल्या म्हाताऱ्या मेजरला वाटतं, मुंडकंच बोलतंय. पुढे आगीच्या सरावाची घंटा, मग खरीच आग, मग बेसिलच्या डोक्याला मार, आणि त्या मार लागलेल्या डोक्याने त्याचं जर्मन पाहुण्यांसमोर येऊन उभं राहणं. पाहुण्यांसमोर जे होतं ते त्या माराशिवाय पटलं नसतं, आणि तो मार आगीच्या गोंधळाशिवाय. सुरुवातीला मांडलेली एकही वस्तू वाया गेलेली नाही. असं काम एका बैठकीत होत नाही. शेवटची गंमत सुचली की लेखकाला मागे जाऊन सुरुवात बदलावी लागते, सुरुवात हलली की मधलं हलतं, मधलं बसवलं की शेवट पुन्हा तपासावा लागतो. अशा चार-सहा फेऱ्या झाल्या की मग तुम्हाला वाटतं, किती सहज आहे.

आता आपल्याकडचा एक दिवस सांगते.

ठाण्याला घोडबंदर रोडवरचा सेट. कॉल टाइम साडेआठ. मी रात्री दोनपर्यंत जागून चार सीन पाठवले होते. त्यातल्या दोन सीनवर वाहिनीच्या क्रिएटिव्हकडून सकाळी साडेनऊला बदल आले. एका नटाच्या तारखा दुसऱ्या मालिकेला गेल्या होत्या, म्हणून त्याचा सीन फोनवरच्या बोलण्यात बसवायचा होता. मेकअप रूमबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी मोबाइलवर लिहीत होते आणि असिस्टंट पानं प्रिंट काढून नेत होता. नटांच्या हातात ओळी पडल्या अकराला, सीन लागला साडेअकराला. त्यात घरात टीव्हीवरून भांडण चाललंय आणि सासरे म्हणतात, “या घरात तीन माणसं आणि चार रिमोट आहेत.” वाक्य वाईट नव्हतं. पण कुणी हसलं नाही. लाइटवाले दादाही हसले नाहीत, आणि सेटवरचा पहिला खरा प्रेक्षक तेच असतात.

सासऱ्यांचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटांनी चाळीस वर्षं नाटकं केलेली. ते मला म्हणाले, “ताई, हे ‘आहेत’ पायात येतंय माझ्या.” मग त्यांनीच म्हणून पाहिलं, “या घरात माणसं तीन, रिमोट चार.” वर परांचीवर बसलेला लाइटमन खळखळून हसला.

यात नेमकं काय झालं ते नीट समजून घ्या, कारण मराठीत विनोद लिहिणाऱ्याला हे आयुष्यभर पुरतं. आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद बसतं. ‘आहे’, ‘होतं’, ‘झालंय’, ‘म्हणाला’. ज्या शब्दावर हसू यायचं तो शब्द त्याच्या आधीच येऊन जातो. ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येतं त्या क्षणी नट अजून ‘आहेत’ म्हणत असतो, आणि वाक्य पूर्ण ऐकून घ्यायच्या सभ्यतेत ते हसू विरून जातं. इंग्रजीत नेमका शब्द सहज शेवटी ठेवता येतो. आपल्याला तो ओढून शेवटी आणावा लागतो: क्रियापद गाळून, क्रम फिरवून, किंवा एकच वाक्य दोन पात्रांत वाटून. एकाने “घरात माणसं तीन” म्हणायचं, दुसऱ्याने “आणि रिमोट?” विचारायचं, पहिल्याने नुसतं “चार” म्हणायचं. आपल्या म्हणींना हे कधीच कळलेलं होतं. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.’ ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.’ ‘उथळ पाण्याला खळखळाट फार.’ तिन्हींत क्रियापद नाही.

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं असं नाही. रात्री दोन वाजता सुचलं नाही, एवढंच. मध्ये एक दिवस मिळाला असता, पानं एकदा मोठ्याने वाचली असती, तर माझं मलाच कळलं असतं. ते एक वाक्य वाचलं कारण समोर चाळीस वर्षांचा अनुभव उभा होता. त्याच दिवशी शूट झालेली बाकीची तीस-चाळीस वाक्यं जशी होती तशी घराघरांत गेली. याचं मला आजही वाईट वाटतं.

अमेरिकेत ही तपासणी कामाच्या पद्धतीतच बसवलेली आहे. १९५१ मध्ये ‘आय लव्ह लूसी’ सुरू झाली तेव्हा तिचा नट-निर्माता देसी अर्नाझ आणि छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालवून, समोर प्रेक्षक बसवून चित्रीकरण करायची घडी बसवली. १९९४ ते २००४ चाललेली ‘फ्रेंड्स’ही प्रेक्षकांसमोरच झाली. एका भागाचा आठवडा साधारण असा जातो: पहिल्या दिवशी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून वाचन, पुढचे दिवस तालीम आणि दर तालमीनंतर लेखकांचं पुनर्लेखन, शेवटी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण. तिथेही ओळ पडली तर लेखक बाजूला घोळका करून उभ्या उभ्या दुसरी ओळ काढतात आणि नट ती जागा पुन्हा करतात. लेखकही एकटा नसतो, आठ-दहा जणांची खोली असते.

इंग्लंडची रीत निराळी. तिथे बहुधा एक किंवा दोन लेखक, सहा-सात भागांची एक मालिका, जमली तर पुन्हा तेवढीच. ‘येस मिनिस्टर’ आणि तिचा पुढचा अवतार ‘येस प्राइम मिनिस्टर’ मिळून १९८० ते १९८८ या काळात ३८ भाग झाले, सगळे अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघांनी लिहिलेले. म्हणजे ‘परदेशी मालिका’ अशी एक गोष्ट नाही. अमेरिकेने वेळ माणसं वाढवून मिळवला, इंग्लंडने भाग कमी करून. दोन्हीकडे ओळ मुरायला जागा ठेवली.

वाचन, तालीम, प्रेक्षक, दुरुस्ती, पुन्हा प्रेक्षक. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण आपलं नाटक असंच होतं. शुभारंभाच्या प्रयोगातली संहिता आणि पंचविसाव्या प्रयोगातली संहिता शेजारी ठेवली तर कितीतरी ओळी गळालेल्या, हललेल्या, नटाने घासून गुळगुळीत केलेल्या सापडतील. टीव्हीवर आपल्याला ज्यांनी खदखदून हसवलं त्यांतले बहुतेक याच तालमीतून आले. हिंदीतसुद्धा बघा. ‘तू तू मैं मैं’मधल्या सासू-सुना म्हणजे रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर, दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं. ‘हम पांच’मध्ये पाच मुलींचे वडील अशोक सराफ. ‘खिचडी’ आणि ‘साराभाई वर्सेस साराभाई’ ही गुजराती रंगभूमीवर वाढलेल्या मंडळींची करामत.

आपल्याकडे टीव्हीला वेळ कधीच मिळाला नाही असंही म्हणता येत नाही. दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्यातून एकदा लागायची आणि तेरा भागांच्या हिशेबात मंजूर व्हायची. १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’ आठवा. लेखन शरद जोशींचं, म्हणजे हिंदीतल्या नामवंत व्यंगकारांचं, आणि सतीश शाह दर भागात वेगळीच भूमिका घेऊन यायचे. १९८८ मध्ये ‘वागळे की दुनिया’ आली. १९८९ मध्ये जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ आला आणि अवघ्या दहा भागांत संपला. पीएचडीच्या विद्यार्थ्याला घरगडी करून टाकणारा मार्गदर्शक, खोटी वैद्यकीय बिलं, टेलिफोन खात्याची तऱ्हा, असे विषय, आणि तेही सरकारच्याच वाहिनीवर. आज पस्तीसहून अधिक वर्षं झाली, तरी ते दहा भाग लोकांना पाठ आहेत. म्हणून कुणी म्हणालं की भारतीय प्रेक्षकाला सूक्ष्म विनोद कळत नाही, तर मला राग येतो. याच प्रेक्षकाने भट्टींना डोक्यावर घेतलं होतं.

आता एक गोष्ट सांगते जी मला फार उशिरा लक्षात आली. आपल्या टिकलेल्या विनोदी मालिका आठवून त्या कुठून आल्या ते बघा. मुंबई दूरदर्शनवरचे चिमणराव-गुंड्याभाऊ, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी केलेले, आले चि. वि. जोशींच्या कथांतून. वागळे आला आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनमधून. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या सदरातून. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ आली ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातल्या तारक मेहतांच्या गुजराती सदरातून. ही माणसं टीव्हीवर यायच्या आधीच छापील पानांवर वर्षानुवर्षं जगलेली होती. त्यांच्या लकबी, त्यांचे हट्ट, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं वाचकांसमोर तपासून झालेलं होतं. टीव्हीने जो वेळ दिला नाही तो या मालिकांनी साहित्याकडून उसना आणला.

‘टिपरे’बद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी लिहायला घेतलं ते ती बघून. २००१ पासून अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, दिग्दर्शन केदार शिंदे. आबा, शेखर, श्यामल, शलाका, शिऱ्या. मुंबईतलं मध्यमवर्गीय घर. कुणी खलनायक नाही, कट नाही. भागाचा विषय म्हणाल तर घरातली एखादी बारीकशी कुरबुर. पण पाचांपैकी कोणाचंही वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालून बघा, बसणार नाही. आबांची रोजनिशी ही तर लेखनातली मोठी युक्ती होती. दिवसभर घरात जो गोंधळ झाला तो आबांच्या नजरेतून पुन्हा एकदा, शांतपणे यायचा. घटनेवर एकदा हसायचं आणि आबांच्या तिच्याकडे बघण्यावर दुसऱ्यांदा. एका प्रसंगातून दोन वेळा हसू काढणं आणि दुसरं हसू पहिल्यापेक्षा मऊ असणं, हे कौशल्य जगातल्या कुठल्याही मालिकेशेजारी ठेवावं असं आहे.

मग बिघडलं कुठे? २००० साली ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि रोजच्या मालिकेचा जम बसला. जाहिरातदाराला रोज त्याच वेळी तोच प्रेक्षक मिळायला लागला, तेव्हा आठवड्यातून एकदा येणाऱ्या मालिकेला वेळापत्रकात जागा उरेना. रडायच्या गोष्टीला रोज येणं मानवतं, कारण तिथे ताण पुढे ढकलता येतो. सून जिना उतरायला लागली की शुक्रवारपर्यंत उतरू शकते. विनोदाचं तसं नाही. बांधलेली गंमत त्याच भागात सुटली पाहिजे, आणि उद्या नवी बांधायची असते.

मला एकदा याचा फार त्रास झाला. कंजूष काका आणि त्यांच्या उधळ्या भाच्यावर आमची एक मालिका होती. पहिले चाळीस भाग आम्ही मजेत लिहिले. मग एका गुरुवारी आकडे आले, म्हणजे किती लोक मालिका बघतात त्याचे, ते गुरुवारीच येतात, थोडे खाली होते. वाहिनीकडून निरोप आला की एक लग्नाचा ट्रॅक, म्हणजे उपकथानक, आणा आणि कंजूष काकांना मनातून हळवे दाखवा. काका हळवे झाले. पुढच्या गुरुवारी आकडे जरा वर आले आणि आमची मालिका संपली, जरी ती नंतर सहा महिने चालू राहिली. विनोदी पात्र सुधारलं की त्याच्याकडे काही उरत नाही. बेसिल बाराव्या भागातही तितकाच चिडका आहे. अमेरिकेतल्या ‘साइनफेल्ड’ मालिकेच्या लेखकांच्या खोलीत तर नियमच होता: कुणी कुणाला मिठी मारायची नाही, कुणी धडा शिकायचा नाही. ती मालिका १९८९ ते १९९८ अशी नऊ हंगाम चालली.

‘तारक मेहता’वर टीका करायची सध्या पद्धत पडली आहे, मी त्यात नाही. २८ जुलै २००८ ला सुरू झालेली मालिका, चार हजारांहून जास्त भाग. एवढा पल्ला सांभाळणं म्हणजे काय असतं ते आतल्या माणसाला विचारा. सुरुवातीच्या वर्षांत तिथे एक गैरसमज उभा राहून चार-सहा भागांत स्वच्छ सुटायचा, आणि जेठालालच्या चेहऱ्यावरचं टायमिंग शिकण्यासारखं होतं. पुढे तोच गैरसमज ताणावा लागला, कारण दिवस भरायचे होते. लोक आजही जेवताना ती लावतात ते घरातली आवडती माणसं भेटावीत म्हणून. ती गरज खरी आहे, ती मालिका ती भागवते. तुम्ही तिची तुलना बारा भागांच्या मालिकेशी करता तेव्हा रोजच्या डब्याची तुलना लग्नातल्या पंगतीशी करता. उलट ‘साराभाई’ बघा. २००४, आठवड्यातून एकदा, सुमारे सत्तर भाग. त्या वेळी आकडे मिळाले नाहीत. आज माया आणि मोनिषा या त्यातल्या सासू-सुनेची वाक्यं अशा मुलांना पाठ आहेत जी तेव्हा जन्मलीही नव्हती.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर आवाजांबद्दलही सांगते. आपल्या मालिकांत प्रत्येक पंचनंतर ‘टॉइंग’ का वाजतं, एकच रिअ‍ॅक्शन तीन कोनांतून का दाखवतात, हे तुम्हाला खटकतं, मलाही खटकतं. त्याचं कारण संध्याकाळच्या घरात आहे. सात ते दहा या वेळात टीव्ही बघितला जातो त्याहून जास्त ऐकला जातो. कुणी भाजी परततंय, कुणी मुलाचा अभ्यास घेतंय. हसायची जागा आली हे त्या आवाजाने स्वयंपाकघरात कळवायचं असतं. अमेरिकेत हेच काम ध्वनिमुद्रित हशाने केलं. ‘मॅश’ या लष्करी दवाखान्यावरच्या मालिकेच्या निर्मात्यांना तो हशा नको होता. वाहिनी ऐकेना, शेवटी निदान शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी तो वाजणार नाही एवढं त्यांनी मिळवलं. बीबीसीने तीच मालिका हशाशिवाय दाखवली. दोन्ही लावून बघितलीत तर कळेल की हशा काढला की तीच ओळ जास्त दुखते.

परदेशी मालिका उचलून इथे आणण्याचे प्रयोगही झाले. ‘माइंड युअर लँग्वेज’वरून ‘जबान संभाल के’ झाली, १९९३ मध्ये, आणि ती छान जमली. पंकज कपूर मास्तर, आणि वर्गात परदेशी पाहुण्यांबरोबर भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांतली माणसं. मूळ कल्पना इंग्रजांची, पण ‘हिंदी शिकणारा भारतीय’ ही आपली खरी अवस्था असल्यामुळे ती रुजली. ‘येस मिनिस्टर’ची ‘जी मंत्रीजी’ २००१ मध्ये आली. फारूख शेख आणि जयंत कृपलानी असे दोन उत्तम नट असूनही ती तशी मनात बसली नाही. माझं मत असं की मूळ मालिका उभी आहे ती सचिवाच्या लांबलचक, काही न सांगणाऱ्या वाक्यांवर. ती इंग्रजी नोकरशाहीची बोली आहे, तिचं भाषांतर होत नाही. मराठीत ही गंमत करायची तर मंत्रालयाची आपली मराठी घ्यायला हवी: ‘सदर प्रकरणी उपरोक्त विषयान्वये अभिप्रायासह नस्ती फेरसादर करण्यात यावी.’ या एका वाक्यात कुणी काय करायचं ते कुठेच नाही, ‘यावी’ म्हणताना आज्ञा देणारा माणूसच गायब आहे. इतका सुंदर ऐवज रोज शेकडो टेबलांवर फिरतोय आणि आपण तो मालिकेत आणत नाही.

तसंच आपलं ‘अहो’ आणि ‘अगं’, ‘तू’ आणि ‘तुम्ही’. रागावलेली बायको नवऱ्याला ‘अहो’वरून ‘हे बघा’वर येते आणि जास्तच रागावली की पुन्हा अतिशय मृदू ‘अहो’वर जाते. इंग्रजी लेखकाकडे हे हत्यारच नाही, त्याच्याकडे एकच ‘यू’. परदेशी मालिकांतून मांडणी शिकावी, बोलणं आपल्या जिन्यात ऐकावं.

एका बाबतीत मात्र तुमची तुलना मला अन्यायाची वाटते. इंग्लंड-अमेरिकेतून आपल्यापर्यंत पोचतात त्या त्यांच्या निवडक मालिका. तिथे दरवर्षी कितीतरी मालिका पहिल्याच हंगामात बंद पडतात, त्यांचं नावही आपल्या कानावर येत नाही. आपल्या मालिका मात्र आपण सगळ्या बघतो, मंगळवारचा कंटाळवाणा भागसुद्धा. आणि आपल्याकडे वेळ मिळाल्यावर काय होतं तेही दिसलंय. २०२० मध्ये ‘पंचायत’ आली, पहिल्या हंगामात आठच भाग. फुलेरा गावातल्या ऑफिसमधली एक चाकाची खुर्ची हा अख्ख्या भागाचा विषय होऊ शकतो, कारण लेखकाला ती खुर्ची नीट बघायला सवड मिळाली. मराठीत २०१८ पासून सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ जे करतेय त्यातही रंगभूमीची शिस्त दिसते: तालीम, समोर बसलेली माणसं, पडलेल्या ओळीचा लगेच लागणारा पत्ता. फक्त ते स्किट आहे. दहा-बारा मिनिटांत पात्र उभं करून हसवून मोकळं व्हायचं. त्याच पात्राला वर्षभर एका घरात नांदवायचं असेल तर दुसरी तयारी लागते, आणि ती करणारे लेखक आपल्याकडे आहेत, त्यांना बसायला टेबल आणि चार महिने हवेत.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकेतल्या लेखकाला मालिका पुन्हा दाखवली की त्याचा वाटा मिळतो, म्हणून चांगली ओळ लिहिण्यात त्याचा वर्षानुवर्षांचा फायदा असतो. आपल्याकडे भागाचे पैसे ठरतात आणि तिथेच हिशेब मिटतो. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला, पण करारावर सही करताना तो आपणच मागावा लागतो. सही करण्याआधी करार वाचा, समजला नाही तर स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेतल्या कुणाला तरी दाखवा.

आता तुमचा पहिला भाग. तो इतक्यात नेऊ नका. पहिल्या भागात नवेपणाची मदत असते, पात्रांची ओळख होण्यातच वीस मिनिटं निघून जातात, त्यावरून काहीच कळत नाही. सातवा भाग लिहा. सातव्या भागात कुणी नवीन येत नाही, कुणी गावाला जात नाही, कुणाचा वाढदिवस नाही, असं स्वतःवर बंधन घाला. तुमच्या तीन पिढ्या, ती सोसायटी आणि एक साधा मंगळवार, उदाहरणार्थ पाण्याची टाकी धुवायचा दिवस. त्यातून नुसत्या स्वभावांमुळे भांडण पेटलं तर तुमच्याकडे मालिका आहे. पेटलं नाही तर एक चांगली एकांकिका आहे, ती स्पर्धेत करा, तिथे प्रेक्षक मिळेल आणि ओळी तासल्या जातील.

सातवा भाग झाला की कुणाच्या तरी हॉलमध्ये सात-आठ जणांना बोलवा. तुम्ही स्वतः वाचू नका, जमलं तर नाटकातल्या मित्रांना वाचायला द्या. तुम्ही मागे बसा, पेन्सिल घेऊन. हसू आलं तिथे बारीक रेघ, हसू येईल असं तुम्हाला वाटलं होतं आणि आलं नाही तिथे गोल. घरी येऊन फक्त गोल केलेल्या ओळी मोठ्याने म्हणून बघा आणि शेवटी कुठला शब्द येतोय ते पाहा. निम्म्या ओळींच्या शेवटी ‘आहे’ सापडेल. ते दुरुस्त करा, पंधरा दिवस पानं बाजूला ठेवा आणि पुन्हा वाचन करा, या वेळी वेगळ्या माणसांसमोर. दोन्ही वाचनांना एखादी आजी आणि एखादं शाळेतलं पोर असू द्या. मग पहिला, दुसरा आणि सातवा असे तीन भाग त्याच असोसिएशनकडे नोंदवा आणि घेऊन जा. वाहिनीने विचारलं की रोज देता येईल का, तर आठवड्यातून दोन भागांच्या वर जाऊ नका. पहिल्यांदा नाही म्हणतील. मला तीन ठिकाणी नाही म्हणाले होते, चौथ्यांनी साप्ताहिक दिली.